लॉक-इन संपला आणि मेसेज सुरू झाले

धायरीला आमच्या सोसायटीत संध्याकाळी बाकांवर शेअरच्या गप्पा चालतात. २०२२च्या दिवाळीनंतर तिथल्याच एका काकांच्या सांगण्यावरून मी एका छोट्या कंपनीचे २,००० शेअर ५ रुपयांनी घेतले. शाळेतल्या क्लार्कच्या नोकरीतून नुकतीच निवृत्त झाले होते. दहा हजारांचाच प्रश्न होता.

जानेवारीत कंपनीची ईमेल आली. विशेष सर्वसाधारण सभा, ई-मतदान, चाळीसेक पानांची नोटीस. मी ती उघडलीही नाही. माझं नुकसान त्या दिवशी सुरू झालं असं मी आज मानते, म्हणून त्यात काय होतं ते सविस्तर सांगते.

कंपनीचे तेव्हा एकूण ५ कोटी शेअर होते. नोटिशीत आणखी ९ कोटी वॉरंट ४ रुपयांच्या भावाने बाहेरच्या बाराजणांना द्यायचा ठराव होता. वॉरंट म्हणजे पुढे शेअर घ्यायचा हक्क: २५ टक्के रक्कम आधी भरायची, उरलेली १८ महिन्यांत. बाराही जणांची नावं नोटिशीत छापलेली होती. सगळे शेअर झाल्यावर ५ कोटींचे १४ कोटी होणार, म्हणजे १ कोटी नफ्यात शेअरमागे २० पैसे येत होते तिथे ७ पैसे. प्रवर्तकांचा, म्हणजे कंपनी चालवणाऱ्या मूळ मालकांचा, ४६ टक्के हिस्सा, एकही शेअर न विकता, १६ टक्क्यांवर.

जूनमध्ये वॉरंटचे शेअर झाले. असे शेअर बाहेरच्या माणसाला सहा महिने विकता येत नाहीत; यालाच लॉक-इन म्हणतात. डिसेंबर संपता संपता आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, टेलिग्रामवर, यूट्यूबवर एकच नाव फिरू लागलं. कंपनीने नाव बदलून त्यात 'ग्रीन' घातलं होतं, मोठ्या ऑर्डरचा सामंजस्य करार जाहीर केला होता. रोज अप्पर सर्किट, म्हणजे एका दिवसात भाव जेवढा वर जाऊ शकतो तेवढा वर. मार्च २०२३मध्ये असेच व्हिडिओ करून भाव फुगवणाऱ्यांवर सेबीने, म्हणजे शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, आदेश काढल्याचं मी पेपरात वाचलं होतं, तरी आपल्या शेअरशी त्याचा संबंध जोडला नाही. पाचाचे बारा झालेले डोळ्यांसमोर होते ना! १२ रुपयांनी १५,००० घेतले, मग १४ने १०,०००. सासूबाईंच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी ठेवलेले ३ लाख २० हजार त्यात गेले. ह्यांना विचारलंसुद्धा नाही.

भाव १६ला टेकला आणि लोअर सर्किट लागलं. रोज पाच टक्के खाली, सकाळी सव्वानऊला विक्री लावायची आणि घेणारा कुणी नाही. एकोणीस दिवस. अखेर ६ रुपयांनी २५,००० सुटले. १ लाख ७० हजार गेले. ऑपरेशन सहा महिने पुढे ढकललं. तेवढे दिवस सासूबाई जिना भिंत धरून उतरत होत्या, ते मी कधीही विसरणार नाही.

भाचा सीए करतो. त्याने ती जुनी नोटीस आणि बल्क डीलची, म्हणजे कुणी मोठ्या संख्येने शेअर घेतले-विकले त्याची, यादी शेजारी शेजारी ठेवली. "आत्या, नावं बघ." बारांपैकी सातजणांनी १३ ते १५ रुपयांच्या भावाने विकलं होतं, ज्या आठवड्यांत मी घेत होते त्याच आठवड्यांत. चार रुपयांचा माल. ही दोन्ही कागदपत्रं शेअर बाजाराच्या वेबसाइटवर कुणालाही फुकट दिसतात. कंपनीच्या नावाखाली 'प्रेफरेन्शियल इश्यू' (ठरावीक लोकांनाच नवे शेअर देणं) किंवा 'वॉरंट' असं काही सापडलं, तर लॉक-इन कधी सुटतो ते आधी बघा, आणि दर तिमाहीच्या शेअरहोल्डिंग पॅटर्नमध्ये, म्हणजे कुणाकडे किती शेअर आहेत त्या तक्त्यात, एकूण शेअरचा आकडा मागच्याशी ताडून पाहा. टिप कुणीही देवो, सोसायटीतले काका असोत की सख्खा भाऊ. काकांचेही पैसे अडकलेच आहेत. ते ह्यात सामील नव्हते.

स्कोर्सवर, म्हणजे सेबीच्या तक्रारींच्या वेबसाइटवर, तक्रार केली आहे. पैसे परत आलेले नाहीत.

पहिले २,००० शेअर मी मुद्दाम ठेवले. मागच्या महिन्यात पुन्हा नोटीस आली: आणखी वॉरंट, आणखी एक नवं नाव. या वेळी सगळी पानं वाचून विरोधात मत दिलं. ठराव मंजूर झाला. त्या नव्या शेअरचा लॉक-इन संपेल तेव्हा हीच कंपनी नव्या नावाने तुमच्या ग्रुपवर येईल. मुंबई शेअर बाजारातला सहा आकडी स्क्रिप कोड टाकून तिच्या जुन्या घोषणा काढा; नाव बदललं तरी तो कोड तोच राहतो.