टाक्यांसाठी घेतलेला सिट्झ बाथ टब, ५ पैकी ४ स्टार

जुलैमधे नॉर्मल डिलिव्हरी झाली, खाली टाके पडले आणि गुहागरला माहेरी आले. बसताच येईना, बाळाला पाजायचं ते पण कुशीवर पडून, आणि लाजेपायी दोन दिवस कोणाला काही बोलले नाही. मग १०१ ताप आला, अंगावरून जातं त्याला घाण वास यायला लागला तेव्हा आईने बघितलं, तर एका टाक्याजवळ पू. त्याच दिवशी डॉक्टरकडे नेलं. इन्फेक्शन होतं. अँटिबायोटिक दिलं, वर दिवसातून तीनदा कोमट पाण्यात बसायला सांगितलं, म्हणून हा टब मागवला, ३४९ ला.

सीट वर करून कमोडच्या कडेवर ठेवायचा, जास्तीचं पाणी मागच्या भोकांतून खाली जातं, लादी भिजत नाही. पावसात आमच्या विहिरीचं पाणी गढूळ येतं त्यामुळे आई आधी उकळून मग निववायची, मनगटावर घालून बघायची, आणि मी १०-१५ मिनिटं बसायचे. पहिल्यांदा बसले तेव्हा ठणका असा उतरला की रडूच आलं. नंतर स्वच्छ मऊ कापडाने नुसतं टिपायचं, पुढून मागे, घासायचं अजिबात नाही.

पण नुसत्या टबाने भागत नाही हं. घरात जुन्या लुगड्याच्या घड्या वापरायच्या म्हणत होते, पण पडवीत दांडीवर चार चार दिवस कपडे दमट राहतात, ते टाक्यांना कसे लावणार? पॅडच घेतले, दर ३-४ तासांनी बदलले. आजी शेगडीवर ओवा टाकून धुरी द्यायला बसली होती, तिला आईच म्हणाली, "आई, टाके ओले आहेत, आता धुरी नको." पॅरासिटॅमॉल दुधातून बाळाला जाईल म्हणून मी दुखणं अंगावर काढत होते, डॉक्टर म्हणाले पाजताना चालते, उगाच सोसू नको.

टबात पाणी सोडायला सोबत दिलेली पिशवी आणि पाइप भिकार, पहिल्याच दिवशी गळायला लागला, एक स्टार त्याचा कापला. आणि घरी देशी संडास असेल तर हा टब घेऊच नका, बसणारच नाही, त्यापेक्षा नवं पसरट घमेलं आणा आणि ते फक्त ह्याच कामाला ठेवा. आणि बायांनो ताप, वास, पू, दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढणं किंवा टाका उसवणं, ह्यातलं एक जरी दिसलं तरी टबाची वाट बघत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. मी दोन दिवस गप्प राहिले ते उगाच.