चालू ट्रेनर, बंद पॉवर मीटर आणि माझे 23,500 रुपये

आधी आकडा. 23,500 रुपये. त्यातले 5,000 टोकन म्हणून यूपीआयने, उरलेले 18,500 रोख, माझ्या हाताने मोजून दिलेले. बदल्यात घरी आला सायकलचा एक डावा क्रँक, म्हणजे पेडलचा दांडा, आणि त्याच्या आतल्या अंगाला चिकटवलेली काळी डबी. ही डबी म्हणजे पॉवर मीटर, पायाचा जोर वॅटमध्ये मोजणारं यंत्र. त्या डबीतून आजतागायत एक वॅटही बाहेर पडलेला नाही.

नाशकात सायकलवाल्यांची कमी नाही. 2015 साली डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र या महाजन बंधूंनी रेस अक्रॉस अमेरिका पूर्ण केली, तेव्हापासून तर रविवारी पहाटे त्र्यंबक रोडला हेल्मेटांची रांगच लागते. मीही त्यातलाच. 200 किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची राइड, साडेतेरा तासांच्या आत बसवायची आणि मग पुढच्या अंतरांकडे बघायचं, एवढाच बेत होता. घात चढावर होतो. कसाऱ्याला किंवा वणीच्या गडाला सुरुवातीलाच जोर लावला की अर्ध्यात पायांचा भुगा. ठोके मोजणारा छातीचा पट्टा सांगतो, पण उशिरा. हृदयाचे ठोके वाढेपर्यंत चूक होऊन गेलेली असते. वॅट तिथल्या तिथे दिसतात. वीस मिनिटं जीव तोडून चालवायची, सरासरीचे 95 टक्के घ्यायचे, तो आपला एफटीपी, म्हणजे साधारण तासभर टिकवता येईल एवढा जोर, आणि त्याच्या हिशेबाने घाट चढायचा. सोपं गणित आहे. महाग आहे ते मोजायचं यंत्र.

शोबेरर नावाच्या जर्मन इंजिनिअरने 1986 मध्ये एसआरएम हे पॉवर मीटर काढलं, तेव्हापासून या यंत्राचं मूळ तत्त्व तेच आहे. धातू ताणाखाली सूक्ष्म वाकतो, त्यावर चिकटवलेला स्ट्रेन गेज ते वाकणं पकडतो, त्याला क्रँकच्या फेऱ्यांच्या वेगाने गुणलं की वॅट. हे मला कुणी शिकवायला नको. मी अंबडला एका कारखान्यात क्वालिटीत आहे, लोडसेल आणि गेजचं कॅलिब्रेशन, म्हणजे भार मोजणारी उपकरणं बरोबर मोजतात ना हे तपासून जुळवणं, हे माझं रोजचं काम. आता हसा.

पर्याय सगळे पाहिले होते. दोन्ही बाजू मोजणारे पेडल उत्तम, एका सायकलवरून दुसऱ्या सायकलवर पाच मिनिटांत जातात, पण खिशाला झेपेनात. स्पायडरवालं, म्हणजे क्रँक आणि पुढचं दातेरी चाक जोडणाऱ्या भागात बसणारं, घ्यायचं तर आपला क्रँकसेट त्यात बसायला हवा. राहिला डावा क्रँक. तो फक्त डावा पाय मोजतो आणि दुप्पट करून दाखवतो. म्हणजे तुमचा डावा पाय 48 टक्के आणि उजवा 52 टक्के काम करत असेल, तर खऱ्या 200 वॅटला तो 192 दाखवणार. चालतं. रोज तेवढाच चुकला तर सरावाला काही बिघडत नाही. माझा क्रँक शिमानोचा, 24 मिलिमीटर ॲक्सलचा, लांबी 170. तसाच डावा क्रँक, वर्षभर वापरलेला, ‘अर्जंट सेल, पेडलवर शिफ्ट होतोय’, किंमत 26,500. नाशकातलाच माणूस. म्हणजे कुरिअर नाही, आगाऊ पूर्ण पैसे नाहीत, समोर बसून बघून घ्यायचं. ऑनलाइन फसवणुकीच्या ज्या तऱ्हा आपण रोज वाचतो, त्यातली एकही इथे लागू नव्हती. हे मुद्दाम सांगतोय, कारण ऐकणारा प्रत्येक जण पहिलं वाक्य हेच टाकतो, ‘अरे, न बघता पैसे कशाला दिलेस?’ बघूनच दिले. पाऊण तास बघून दिले.

इंदिरानगर बोगद्याच्या पलीकडे एका सोसायटीत त्याचा फ्लॅट. भिंतीवर ब्रेव्हेची मेडलं ओळीने टांगलेली. वहिनींनी चहा आणला, पोरगं कोपऱ्यात गृहपाठ करत बसलेलं. हॉलमध्ये स्मार्ट ट्रेनरवर, म्हणजे घरात जागच्या जागी सायकल चालवायच्या यंत्रावर, त्याची सायकल चढवलेली आणि तो क्रँक आधीच बसवलेला. “सर, तुम्ही स्वतः बसून बघा, माझ्या बोलण्यावर जाऊ नका,” म्हणाला. डबीचं झाकण उघडून नवा सेल दाखवला. बिल दाखवलं, बिलावरचा सिरियल नंबर आणि डबीवरचा नंबर मी अंक न अंक ताडून पाहिला. जुळला. बसलो सायकलवर. हँडलला त्याचा सायकल कॉम्प्युटर. पाय मारले, 140. जोर लावला, 210. गिअर टाकला, 260. सोडलं, शून्य. कुणाला शंका येईल?

मग मी विचारलं, कॅलिब्रेशन कसं करायचं? कामाची सवय, दुसरं काय. तो म्हणाला, “आत्ताच करून दाखवतो.” स्क्रीनवर दोन-तीन बटणं दाबली आणि मला सांगितलं, “वेग वाढवा सर, अजून, अजून... हां, आता पाय थांबवा, चाक आपोआप थांबू द्या.” फ्लायव्हील घुंऽऽ करत मंदावत गेलं, स्क्रीनवर ‘यशस्वी’ आलं. मी मान डोलावली.

हाच तो क्षण. रात्री झोपेत सुद्धा मला ते घुंऽऽ ऐकू येतं. क्रँकवरच्या मीटरचं शून्य हे क्रँक स्थिर ठेवून, पेडलवर पाय नसताना घेतात. दोन-चार सेकंदांचं काम. वेग वाढवून चाक मोकळं सोडणं, ज्याला स्पिनडाउन म्हणतात, ते ट्रेनरचं कॅलिब्रेशन असतं. ट्रेनरच्या आत स्वतःचं वॅट मोजायचं यंत्र असतं आणि स्क्रीनवर जे 140, 210, 260 मी भक्तिभावाने बघत होतो, ते सगळे ट्रेनरचे होते. कॉम्प्युटर ट्रेनरशी जोडलेला. क्रँकवरची डबी मेलेली. तिच्या जागी साबणाची वडी चिकटवली असती तरी 210 आलेच असते.

कारखान्यात कुणी पोराने भार लावून गेजचं शून्य घेतलं तर मी त्याला तिथेच झापतो. पण तो कारखाना, हा पाहुणचार. माझ्या हातात चहाचा कप, समोर हसतमुख कुटुंब, आणि पॉवर मीटर मी आयुष्यात पहिल्यांदा हाताळत होतो. प्रत्येक यंत्राची आपली एक रीत असते, याची ही असेल, असं वाटलं तर त्यात वावगं काय? ज्यांनी वर्षानुवर्षं मीटर वापरलाय अशा दोघांना मी नंतर तो व्हिडिओ दाखवला. एकाच्याही लगेच लक्षात आलं नाही.

हो, व्हिडिओ आहे. त्यानेच काढला. “सर, आपल्या दोघांच्या रेकॉर्डसाठी,” म्हणत मोबाइल समोर धरला आणि शेवटी विचारलं, “ओके आहे ना सर?” मी म्हणालो, “ओके, एकदम ओके.” ते पुढे माझ्याच गळ्यात आलं. विकणारा माणूस तुमच्या तोंडून ‘ओके’ रेकॉर्ड करून घेत असेल तर तिथून उठा.

व्यवहार 23,500 ला ठरला. टोकनचे पाच हजार आधी गेलेच होते, उरलेले त्याला रोख हवे होते, ‘बायकोच्या भिशीला द्यायचेत’. रोख मागितली की त्याच पावली मागे फिरा. सगळे यूपीआयने दिले असते तर आज निदान 23,500 चा कागद तरी हातात असता.

घरी आणून बसवला. माझा कॉम्प्युटर शोधतोय, शोधतोय, काहीच सापडत नाही. नवा सेल घातला. मोबाइलवरून पाहिलं. फोन केला तर म्हणे, “फर्मवेअर अपडेट करा.” जो सापडतच नाही त्याचं फर्मवेअर अपडेट कसं करतात, देव जाणे. मग ‘तुमचा कॉम्प्युटर जुना आहे’, मग ‘ॲक्सल घट्ट बसला नसेल’, आणि मग नंबर ब्लॉक. शेवटी मेकॅनिककडे डबीचं झाकण उघडलं. सेलच्या खालचा तांब्याचा संपर्क हिरवट झालेला, बोर्डावर पांढरी बुरशी. “भाऊ, ह्याच्यात तर कधीचंच पाणी गेलंय,” तो म्हणाला.

कंपनीला सिरियल नंबर पाठवून विचारलं. त्यांचं उत्तर वाचून अंगाचा तिळपापड झाला. हे युनिट पाणी शिरल्यामुळे वॉरंटीत आधीच बदलून दिलं होतं आणि जुनं नष्ट करायला सांगितलं होतं. म्हणजे त्याला नवं फुकट मिळालं आणि मेलेलं त्याने मला विकलं. बिल खरं, नंबर खरा, माल मढं. पैसे देण्याआधी सिरियल नंबर कंपनीला मेल करा. एक मेल. बिलाशी ताडून काही कळत नाही.

आता सरकारी कथा. आधी जवळच्या ठाण्यात गेलो. ड्युटीवरच्या साहेबांनी डबी हातात फिरवून विचारलं, “सायकलला वॅट कशाला लागतात? दिवा लावायचाय का?” बाकीचे हसले. मी समजावून सांगितलं. “जाहिरात ऑनलाइन होती ना? मग सायबरला जा.” सायबरला गेलो. “तुम्ही समोरासमोर भेटलात, वस्तू हातात घेतलीत, मग हे सायबर कसं? तुमच्या ठाण्यात जा.” परत ठाण्यात. “घर कुठे त्याचं? ते आमच्या हद्दीत नाही.” ज्यांच्या हद्दीत होतं त्यांनी व्हिडिओ पाहिला आणि माझाच आवाज मला ऐकवला, ओके, एकदम ओके. “साहेब, तुम्ही तर पसंत केलंय. हा दिवाणी मामला आहे.”

मी व्हिडिओ थांबवून दाखवला. स्क्रीनच्या वरच्या कोपऱ्यात सेन्सरचं नाव अस्पष्ट दिसतं, ते ट्रेनरचं आहे, क्रँकचं नाही. यापेक्षा धडधडीत पुरावा कोणता? पण ट्रेनर म्हणजे काय इथपासून सुरुवात करावी लागते आणि तेवढ्यात कुणाचा तरी फोन येतो. मी हात जोडून सांगितलं, नाव आहे, पत्ता आहे, यूपीआय आयडी आहे, कंपनीचा मेल आहे. चोर शोधायचा नाहीये, तो घरीच बसलाय. भारतीय न्याय संहितेचं कलम 318 फसवणुकीचंच आहे ना? त्यावर उत्तर आलं, “वकील आहात का?” हद्दीचं म्हणाल तर गुन्हा कुठल्याही ठाण्यात शून्य क्रमांकाने नोंदवता येतो, हे 2024 च्या जुलैपासून कायद्यात लिहिलेलं आहे. कायदा आहे पुस्तकात. टेबलावर रजिस्टर असतं आणि ते उघडत नाही. शेवटचं कारण तर खास नाशिकचं, “साहेब, सिंहस्थाचं नियोजन चाललंय, सगळा स्टाफ मीटिंगला. पुढच्या आठवड्यात या.” कुंभ बारा वर्षांनी येतो, माझी तक्रार त्याआधी नोंदवली तर गोदावरी आटेल काय?

बँकेचं वेगळंच. पाच हजार तुम्हीच पिन टाकून पाठवलेत, त्यामुळे तो तुमचा व्यवहार, परत फिरवता येत नाही. ग्राहक आयोगाबद्दल ओळखीच्या वकिलाला विचारलं, तो म्हणाला की एखादी वापरलेली वस्तू विकणारा खासगी माणूस व्यापारी ठरत नाही, तिथे वेळ घालवू नकोस. पैसे यूपीआयने गेले असतील आणि जाऊन काही तासच झाले असतील तर 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला लगेच फोन करा, पैसे खात्यातच अडवले जाण्याची शक्यता तेव्हाच असते. मला कळेपर्यंत ते खात्यातून केव्हाच निघून गेले होते.

कुणी जुना मीटर घ्यायला निघालाच असेल तर ट्रेनरचा प्लग आधी भिंतीतून ओढा. मग पेडल मारा. आकडा आला तर तो बहुधा मीटरचा, काही ट्रेनर मात्र प्लगशिवायही आकडा देतात. त्याहून बरं म्हणजे सायकल खाली उतरवून पार्किंगमध्ये एक चक्कर. आपला कॉम्प्युटर सोबत न्या, त्यावर सेन्सर शोधा, येणारा क्रमांक डबीवरच्या क्रमांकाशी जुळवा. मीटरच्या ॲपमध्ये टॉर्क दिसत असेल तर क्रँक आडवा धरून पेडलच्या ॲक्सलला 10 किलोचं वजन टांगा. 170 च्या क्रँकला 16.7 न्यूटन मीटरच्या आसपास यायला हवं. विकणारा ‘एवढं कशाला’ म्हणाला तर त्याला एवढंच कारण पुरे. पावसाळ्यात त्र्यंबक रोडला फिरलेला डावा क्रँक तर सेलचा कप्पा उघडून, टॉर्च मारून बघितल्याशिवाय घेऊच नका. आणि मेडलं बघून विश्वास ठेवू नका. 200 किलोमीटर चालवणारा माणूसही लबाड असू शकतो, मला तर वाटायचं त्यांच्यात तेवढी ताकदच उरत नसेल.

आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे, ठाण्याने गुन्हा नोंदवला नाही म्हणून वरिष्ठांना लेखी तक्रार स्पीड पोस्टने पाठवलीय. व्हिडिओ, बिल, कंपनीचा मेल, सगळं जोडून. पोच आली आहे. त्यानंतर दोनच दिवसांत एका मध्यस्थाचा फोन आला. समोरचा 10,000 द्यायला तयार आहे म्हणे, क्रँक परत करा आणि ‘तक्रार नाही’ असं लिहून द्या. क्रँक परत म्हणजे तो पुन्हा त्याच ट्रेनरवर चढणार, पुन्हा कुणाला तरी चहा मिळणार. मी नाही म्हणालो. बायकोला अजून सांगितलेलं नाही, कारण तिच्या मते दहा हजार म्हणजे दहा हजार. क्रँक कपाटात आहे, सिरियल नंबर मी फोटोसकट जपून ठेवलाय. नाशकात कुणाला डाव्या क्रँकचा ‘अर्जंट सेल’ दिसला तर आधी तो नंबर माझ्याकडून मागून घ्या.