ट्रेकिंगच्या काठ्या : आठ महिन्यांचा अनुभव, ढेरपोट्या माणसाकडून

आधीच सांगतो, मी शाळेत पीटीच्या तासाला सावली शोधणारा मुलगा होतो. आता पंचेचाळिशी आणि वजन ब्याण्णव. जूनमध्ये ऑफिसच्या मंडळींबरोबर नाशिकच्या पांडवलेणीला गेलो. चढताना दम लागला, ते धरूनच चाललो होतो. पण उतरताना गुडघे असे लटपटले की खेकड्यासारखा आडवा आडवा उतरलो. मागून आलेल्या एक आजी "सावकाश हो" म्हणत पुढे निघून गेल्या. त्याच रात्री काठ्यांची जोडी मागवली, साडेचौदाशेला. पार्सल उघडताना बायको म्हणाली, "अहो, आत्तापासूनच काठी?"

काठ्या ॲल्युमिनियमच्या, तीन भागांच्या, पिळून घट्ट करायच्या. महिनाभर मी त्या चुकीच्याच धरत होतो. बरोबर पद्धत अशी : मुठीच्या पट्ट्यात हात खालून वर घालायचा आणि मग पट्ट्यासकट मूठ धरायची. भार पट्ट्यावर जातो, बोटं आवळावी लागत नाहीत. सपाटीवर कोपर काटकोनात येईल एवढी उंची ठेवायची, चढाला थोडी आखूड, उताराला थोडी लांब. एवढं कळल्यावर रामशेज झाला. बाकीचे वर डबे उघडून बसले होते तेव्हा मी पोचलो. मोगलांना हा किल्ला घ्यायला कित्येक वर्षं लागली, त्या मानाने माझे दोन तास काहीच नाहीत.

चढताना दम मात्र पूर्वीइतकाच लागतो, त्यावर काठीचा इलाज नाही. खरा फरक उतरताना. पाऊल टाकायच्या आधी दोन्ही काठ्या खालच्या पायरीवर टेकल्या की गुडघ्यावरचा निम्मा धसका हातांवर येतो (निम्मा हा माझा अंदाज). पूर्वी सोमवारी ऑफिसचा जिना रेलिंग धरून चढायचो, आता नाही.

आता तक्रारी. श्रावणात ब्रह्मगिरीला गुळगुळीत ओल्या कातळावर लोखंडी टोक सटासट सरकत होतं. रबरी टोपी चढवली तर पकड आली, पण पुढे चिखलात पाय काढताना टोपी तिथेच राहिली. अंजनेरीला तर उतारावर सगळा भार टाकला आणि काठी आपोआप आखूड झाली. मी बसलोच, तेही करवंदीच्या जाळीत. नळीत गाळ आणि पाणी गेलं की पिळायचा लॉक घसरतो. विकणाऱ्याने "वापरण्यात चूक" म्हणून हात झटकले. तेव्हापासून घरी आल्यावर तिन्ही भाग सुटे करून पुसतो, रात्रभर वाळवतो. तेल चुकूनही लावत नाही. नवीन घेणाऱ्यांनी क्लिपवाला लॉकच घ्यावा, चार पैसे जास्त गेले तरी.

हरिहर किल्ल्याला मात्र काठ्या नेऊच नका. त्या उभ्या पायऱ्यांवर दोन्ही हात खोबणीत हवेत, आणि बॅगेला लटकवलेली काठी मागच्याच्या डोळ्यात जाईल. मी पायऱ्यांच्या तळाशीच बसलो, सगळ्यांच्या बॅगा सांभाळल्या, माकडांशी दोन हात केले. दिवस मस्त गेला.

टोप्या हरवणं काही थांबलं नाही. शेवटी कॉलनीतल्या मेडिकलमध्ये साध्या काठीचे रबरी बूट मिळाले, टोकाला चिकटपट्टी गुंडाळून घट्ट बसवले. दुकानदाराने विचारलं, "आजोबांसाठी का?"

"हो," म्हटलं.