सौरशिडाचे दांडे: धातूचे की कार्बनचे?

"मामा, आमच्या छोट्या उपग्रहाला सूर्यप्रकाशाच्या दाबानं ढकलणाऱ्या शिडाला, म्हणजे सौरशिडाला, दांडे कसले घेऊ?" कर्वेनगरातल्या टपरीवर चहा पिताना भाचीनं विचारलं. जाहिरातीतली पत्रकं बाजूला ठेव म्हटलं.

खरा प्रश्न तापण्याचा. दांड्याची एक बाजू उन्हात, दुसरी सावलीत. तापलेली बाजू वाढते आणि दांडा धनुष्यासारखा वाकतो. 4 मीटर लांब, 4 सेंटीमीटर रुंद पोलादी दांडा घे, दोन बाजूंत 50 अंशांचा फरक धर: टोक सुमारे 12 सेंटीमीटर सरकतं. लांबी दुप्पट, तर सरकणं चौपट! कार्बनचे तंतू लांबीच्या दिशेनं जवळपास वाढतच नाहीत. 2024 मध्ये गेलेल्या नासाच्या एसीएस-3 या सौरशीड-यानाचे 7 मीटरचे दांडे म्हणूनच कार्बनचे. त्यातला एक किंचित वाकलेला दिसला खरा, पण ते बहुधा शीड ताणताना झालं.

वजनातही कार्बनच सरस.

मात्र कार्बनचा दांडा बरेच महिने गुंडाळून ठेवला की त्यातली तंतू चिकटवून धरणारी राळ सैलावते. धातूला ती खोड नाही. 2019 च्या लाइटसेल-2 या सौरशीड-यानानं 32 चौरस मीटरचं शीड धातूच्याच दांड्यांवर उघडलं.

तुमचं शीड लहान, पैसे बेताचे? धातू घ्या. दांडे 6-7 मीटरचे, नेम अचूक हवा? मग कार्बनच.