हिंजवडीत नोकरी, मग भाड्याचं घर कुठे? वाकड, पिंपळे सौदागर, बालेवाडी आणि पुनावळे-रावेत

हिंजवडीच्या आयटी पार्कमध्ये नोकरी लागली की पहिल्याच आठवड्यात ऑफिसातला कुणीतरी सांगतो, "वाकडला घर बघ, जवळ पडेल." एकट्या माणसाला हा सल्ला पुरतो. पण सोबत बायको किंवा नवरा, शाळेत जाणारं मूल आणि कदाचित आईवडीलही येणार असतील, तर तो अपुरा आहे. ऑफिसला घरातला एक माणूस जातो. शाळेची व्हॅन, पाळणाघर, भाजी, दवाखाना आणि नळाचं पाणी यांच्याशी घरातल्या सगळ्यांची रोज गाठ असते. त्यामुळे ही तुलना मी घरी राहणाऱ्यांच्या बाजूने करतोय. समोर धरलंय ते तीसेक हजारांचं बजेट, टू बीएचके आणि प्राथमिक शाळेतलं एक मूल.

घर बघायला निघण्याआधी ऑफर लेटरवर ऑफिसचा पत्ता नीट वाचा. "हिंजवडी" म्हटलं तरी फेज वनचा शिवाजी चौक आणि फेज थ्रीचं टोक यांत पाच-सहा किलोमीटरचं अंतर आहे, आणि संध्याकाळी सगळ्यांच्या गाड्या एकदम बाहेर पडतात तेव्हा हे अंतर फार मोठं होतं. फेज वनला सोयीचं घर फेज थ्रीला सोयीचं असेलच असं नाही.

दुसरी गोष्ट महामार्गाची. मुंबई-बंगळूर महामार्ग हिंजवडी आणि शहर यांच्या मधून जातो. तो ओलांडायच्या जागा मोजक्याच आहेत: भुमकर चौक, वाकडच्या पुलाखालचा भुजबळ चौक आणि बाणेर-बालेवाडीकडून आलात तर राधा चौक. सकाळी साडेआठ-नऊला सगळी कोंडी याच तोंडांवर होते. म्हणून घरापासून ऑफिस किती किलोमीटर, यापेक्षा यातला कोणता चौक तुमच्या वाट्याला येणार हे आधी बघा. त्यासाठी रविवारी दुपारी घर बघून चालणार नाही. कामाच्या दिवशी सकाळी त्या घरापासून ऑफिसपर्यंत एकदा स्वतः जाऊन या.

वाकड

वाकडचं खरं बळ म्हणजे पर्याय. कस्पटे वस्तीपासून भुमकर चौकापर्यंत इतक्या सोसायट्या आहेत की एक घर हातचं गेलं तर त्याच गल्लीत दुसरं मिळतं. बस भरपूर, दवाखाने भरपूर, रात्री उशिरा औषध मिळतं. पाहुणे मुंबईहून आले तर महामार्गावरच उतरतात. ऑफिस फेज वनला असेल आणि तुम्ही दुचाकीवर जाणार असाल, तर एवढं सोपं ठिकाण दुसरं नाही.

पण एक गोष्ट आहे. वाकडला आणि शेजारच्या ताथवड्याला भाड्याची मोठी मागणी चार-चार जण मिळून राहणाऱ्या नोकरदार मुलामुलींची आणि ताथवड्याच्या कॉलेजांतल्या विद्यार्थ्यांची आहे. चौघांनी वाटून घेतलेलं भाडं एका कुटुंबाला पेलत नाही, आणि घरमालकाला हे पक्कं ठाऊक असतं. त्यामुळे एकाच बजेटमध्ये वाकडला घर जुनं किंवा लहान मिळतं. शिवाय महामार्गालगतच्या इमारतींत रात्रभर ट्रकचा आवाज आणि गॅलरीत काळी धूळ. मूल लहान असेल तर मी महामार्गापासून आत, कस्पटे वस्तीच्या बाजूला किंवा त्याहूनही पूर्वेला बघायला सांगेन. चौकाच्या तोंडाशी घर घेऊन वाचलेली दहा मिनिटं घरातल्या बाकीच्यांना दिवसभर भोवतात.

पिंपळे सौदागर

कुटुंबासाठी माझं मत इकडे झुकतं. हिंजवडी फेज वन इथून नऊ-दहा किलोमीटर, म्हणजे वाकडच्या जवळजवळ दुप्पट. तरी सुद्धा.

कारण असं की हा भाग बसलेला आहे. वीसेक वर्षांपूर्वीच्या सोसायट्यांत आता दुसरी पिढी वाढतेय. कोकणे चौक ते शिवार चौक या टापूत फूटपाथवरून चालता येतं, आणि आजी-आजोबा नातवंडाला हाताशी धरून शाळेतून आणतात, हे दृश्य इथे रोजचं आहे. भाजीवाला, पिठाची गिरणी, शिवणकाम करणाऱ्या ताई, मुलांचे डॉक्टर, तबल्याचा क्लास, सगळं पायी अंतरात. गावाकडून आलेल्या आईला दुपारी चार बायकांत बसायला जागा मिळणं, ही गोष्ट कुठल्याही ब्रोकरच्या यादीत नसते, पण ती बाई पुण्यात रमणार की महिन्याभरात परत जायचं म्हणणार हे त्यावरच ठरतं.

दोघंही नोकरी करत असतील आणि दुसऱ्याचं ऑफिस शिवाजीनगर किंवा स्वारगेटच्या बाजूला असेल, तर इथला फायदा आणखी मोठा. नाशिक फाटा आणि कासारवाडी ही मेट्रो स्थानकं रिक्षाच्या अंतरावर आहेत, आणि पिंपरी-चिंचवड महापालिका ते स्वारगेट ही मार्गिका सप्टेंबर २०२४ पासून पूर्ण चालू आहे. एक हिंजवडीला आणि एक स्वारगेटला, अशा जोडप्याला वाकडपेक्षा पिंपळे सौदागर मधलं पडतं.

उणं काय? हिंजवडीला जाताना जगताप डेअरी चौक आणि मग पुन्हा महामार्ग ओलांडायचा. ऑफिस फेज थ्रीला असेल तर एकेका बाजूला तास सहज जातो. कंपनीची बस असेल तर हा त्रास निम्मा होतो. रोज स्वतः गाडी चालवायची असेल तर दहादा विचार करा. आणि जुन्या सोसायट्यांत पार्किंग मिळणं हा वेगळाच प्रश्न. "पार्किंग आहे" असं तोंडी ऐकून थांबू नका, जागा दाखवायला सांगा आणि तिचा नंबर करारात लिहून घ्या.

बाणेर-बालेवाडी

पैसे सोडले तर सगळं चांगलं, असं या भागाबद्दल म्हणता येईल. पुणे महापालिकेची हद्द, रुंद रस्ते, श्री शिवछत्रपती क्रीडा संकुल हाकेच्या अंतरावर (१९९४च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा तिथेच झाल्या), मुलाला पोहणं किंवा बॅडमिंटन गांभीर्याने शिकवायचं असेल तर याहून चांगली जागा पुण्यात मिळणं अवघड. औंध शेजारी, आणि बाणेर-पाषाण टेकडीवर सकाळी फिरायला जाता येतं. हिंजवडीला जायला म्हाळुंगेमार्गे माणकडे निघणारा रस्ताही आहे, त्यामुळे फेज थ्रीवाल्यांना भुमकर चौकाचं तोंड न बघता जाता येतं.

माण-हिंजवडी ते शिवाजीनगर ही २३ किलोमीटरची मेट्रो मार्गिका बालेवाडी आणि बाणेर रस्त्यावरूनच आखलेली आहे. तिचं काम बरंच लांबलं, तेव्हा "मेट्रोजवळ" म्हणून जास्त भाडं मागितलं तर तुमच्या जवळचं स्थानक प्रवाशांसाठी चालू आहे का हे बघूनच ते द्या. उद्याच्या मेट्रोचं भाडं आज भरण्यात अर्थ नाही, भाडेकरूला तर मुळीच नाही.

तीस हजारांत इथे चांगलं टू बीएचके मिळणं कठीण. मिळालं तरी शाळेच्या फिया, क्लासेस, अगदी कामाला येणाऱ्या मावशींचा पगारही या भागात चढाच असतो. दोघांचा पगार भक्कम असेल तर बालेवाडी घ्या. एकाच्या पगारावर घर चालणार असेल तर नको. दर महिन्याच्या पंचवीस तारखेची ओढाताण घरातल्या मुलालाही जाणवते.

पुनावळे-रावेत

बजेट खरोखर आवळलेलं असेल, तर इथे नव्या इमारतीत, लिफ्ट आणि खेळायच्या जागेसकट, वाकडपेक्षा बऱ्याच कमी भाड्यात घर मिळतं. पुनावळ्याचा बराच भाग महामार्गाच्या हिंजवडीकडच्या बाजूला असल्याने मारुंजीमार्गे ऑफिस गाठता येतं. रावेतहून आकुर्डी रेल्वे स्थानक जवळ आहे, त्यामुळे लोणावळा लोकलने तळेगावला किंवा शिवाजीनगरला जाणाऱ्यांची सोय होते.

मात्र भाग अजून घडतोय. समोर बांधकाम, आतले रस्ते अर्धे, पावसाळ्यात चिखल, चारचाकीशिवाय म्हाताऱ्या माणसाला दवाखान्यात नेणं त्रासाचं. जोडपं तरुण असेल, मूल अजून शाळेत जात नसेल, तर दोन-तीन वर्षांसाठी उत्तम. तेवढ्यात पैसे साठतात.

खुद्द हिंजवडी, माण आणि मारुंजीतही मोठ्या टाउनशिप आहेत. फेज वनची ब्लू रिज तर शाळेसकट आहे, फेज थ्रीला मेगापोलिस आहे. ऑफिस तिथेच असेल तर वेळ फार वाचतो. पण ही गावं वर्षानुवर्षं ग्रामपंचायतीच्या कारभाराखाली राहिली, आणि २०२५च्या पावसाळ्यात आयटी पार्कच्या रस्त्यांवर कसं पाणी साचलं ते सगळ्यांनी पाहिलं. टाउनशिपच्या गेटाच्या आत आणि बाहेर दोन वेगळी गावं आहेत, हे समजून घर घ्या.

पाण्याचं विचारा, आणि नीट विचारा

भाड्याच्या आकड्यात न दिसणारा सगळ्यात मोठा खर्च हा. पिंपरी-चिंचवड महापालिकेने नोव्हेंबर २०१९ पासून दिवसाआड पाणी सुरू केलं. वाकड, पिंपळे सौदागर, रावेत, पुनावळे सगळे त्यात आले. बाणेर-बालेवाडी पुणे महापालिकेत असलं तरी तिथल्या अनेक सोसायट्याही उन्हाळ्यात टँकरवर असतात. फरक भागाभागात आहे त्याहून जास्त सोसायटी-सोसायटीत आहे. साठवण टाकी किती मोठी, बोअरला पाणी आहे का, इमारत जलवाहिनीच्या टोकाला आहे का, यावर सगळं ठरतं.

ब्रोकरला विचाराल तर "पाण्याचा काही प्रॉब्लेम नाही" हेच उत्तर मिळेल. त्यापेक्षा सकाळी सातच्या सुमाराला सोसायटीच्या गेटवर जा. टँकर आला असेल तर गेटपासून जमिनीखालच्या टाकीपर्यंत जाड पाइप ओढलेला दिसेल, पंप धडधडत असेल. वॉचमनकाकांकडे एक वही असते, तारीख, गाडीचा नंबर, किती लिटर, सही. चहाच्या निमित्ताने दोन शब्द बोललात तर ते वही दाखवतात. एप्रिल-मे महिन्यांची पानं उलटा. रोज दोन-तीन नोंदी असतील तर त्या सोसायटीचा उन्हाळा कसा जातो ते कळलं. मग घरमालकाला एकच प्रश्न विचारा: टँकरचं जादा बिल आलं तर ते मेंटेनन्समध्ये धरलंय की माझ्याकडून घेणार? उत्तर करारात उतरवून घ्या.

शाळा आधी, घर नंतर

बरेच जण घर ठरवून मग शाळा शोधतात आणि अडकतात. चांगल्या शाळांचे प्रवेश नोव्हेंबर-डिसेंबरपासूनच सुरू होतात, भाड्याची घरं मात्र एप्रिल-मेमध्ये जास्त रिकामी होतात. म्हणून आधी शाळा पक्की करा आणि महामार्गाच्या किंवा नदीच्या ज्या बाजूला शाळा, त्याच बाजूला घर घ्या. मुळेच्या एका काठाला वाकड-पिंपळे, दुसऱ्याला बालेवाडी-बाणेर. मधले पूल मोजके आहेत आणि सकाळी सात वाजता व्हॅनमध्ये बसलेलं सहा वर्षांचं मूल ही फेरी रोज सोसतं. ऑफिसची दहा मिनिटं वाढली तरी चालतील, व्हॅनची वाढू देऊ नका.

करार करताना

लीव्ह अँड लायसन्स करार नोंदणीकृतच हवा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ प्रमाणे नोंदणी बंधनकारक आहे, मग करार अकरा महिन्यांचा का असेना, आणि ती करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. मुद्रांक शुल्क एकूण भाडं आणि डिपॉझिटवरचं दहा टक्के मानीव (फक्त हिशेबापुरतं धरलेलं) व्याज यांच्या बेरजेवर ०.२५ टक्के. महिना २८ हजार भाडं, ८० हजार डिपॉझिट आणि अकरा महिने धरले तर ही रक्कम आठशेच्या आसपास जाते. नोंदणी फी महापालिका हद्दीत हजार रुपये, ग्रामीण भागात पाचशे. एजंट याहून फार मोठा आकडा सांगत असेल तर त्याची स्वतःची फी किती, हे वेगळं विचारा.

सोसायटी भाडेकरू ठेवल्याबद्दल घरमालकाकडून बिनभोगवटा शुल्क घेते. राज्य शासनाच्या २००१च्या परिपत्रकानुसार ते सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, आणि ते मालकाने भरायचं असतं. काही मालक ते हळूच भाडेकरूच्या माथी मारतात.

लॉक-इन, म्हणजे घर मधेच सोडता न येण्याचा काळ, किती महिन्यांचा आहे तेही पाहा. नवीन नोकरीत प्रोबेशन सहा महिन्यांचं आणि घराचा लॉक-इन अकरा महिन्यांचा, हे गणित जमत नाही. मालक कुटुंबाला घर द्यायला उत्सुक असतात, त्यामुळे बोललात तर लॉक-इन सहावर येतो. पिंपळे सौदागर किंवा कस्पटे वस्तीसारख्या भागात, जिथे मालक वर्षानुवर्षं एकच कुटुंब राहावं म्हणून बघतात, तिथे दुसऱ्या वर्षी भाडं किती टक्के वाढणार हेही पहिल्याच करारात लिहून द्यायला ते बहुधा तयार होतात. तेवढं मागून घ्या.