रॉयल कॅनिन जायंट पपी: महाग आहे, पण आमच्या डेनला हेच घालतोय

घरात ग्रेट डेन जातीचा कुत्रा आहे, नाव बंड्या, आणि आणल्यापासून त्याला हेच फूड चालू आहे. पाचपैकी चार स्टार देते. एक कापला तो किमतीसाठी, १५ किलोची बॅग घ्यायची म्हटलं की महिन्याच्या किराण्याच्या यादीतनं काहीतरी खोडावंच लागतं आणि खाणारा असला दांडगा की बॅग टिकत पण नाही.

घेताना एक बघा, दुकानात बरेचदा मॅक्सी पपी हातात देतात, मोठ्या कुत्र्याचंच आहे म्हणून. मॅक्सी म्हणजे लॅब, जर्मन शेफर्ड वगैरे, मोठी झाल्यावर २६ ते ४४ किलो भरणारी. ४५ च्या वर जाणाऱ्या जातींना जायंट, म्हणजे डेन, मॅस्टिफ, सेंट बर्नार्ड (सांगलीच्या एप्रिल-मे मध्ये सेंट बर्नार्डसारखं थंड मुलखातलं दाट केसांचं कुत्रं पाळणाऱ्यांना काय म्हणायचं ते मला कळत नाही, त्या जनावराची दया येते). आणि हे फक्त २ ते ८ महिन्यांपर्यंत, त्याच्यापुढं जायंट ज्युनिअर. बॅगेवर नीट वाचून घ्या, दुकानदाराच्या भरवशावर राहू नका.

मला हे फूड का आवडलं तर पोरगं यावर जाड झालं नाही. खरंच. आपल्याकडं मोठ्या जातीचं पिल्लू आणलं की सगळ्यांना ते लवकर मोठं झालेलं बघायचं असतं. दूध पाज, अंडी घाल, भाकरी तूप लावून दे, आणि हा भिलवडीचा सगळा पट्टा दुधाचा, त्यामुळं दुधाला नाही म्हणणं म्हणजे पापच. शेजारचे काका तर प्रेमानं कॅल्शियमची बाटली घेऊन आले, एवढं मोठं हाड व्हायचंय तर कॅल्शियम नको का म्हणाले. नको काका. डेनचं पिल्लू जन्मतं अर्धा-पाऊण किलोचं आणि वर्षभरात पन्नासच्या आसपास जातं, म्हणजे आधीच ते भयंकर वेगात वाढत असतं, त्याला आणखी ढकलायचं नसतं. वजन आधी वाढलं आणि हाडं, सांधे मागं राहिले की पुढच्या पायाचे मनगट वाकतात, लंगडतं, कमरेच्या सांध्याचं दुखणं मागं लागतं. आणि कॅल्शियमचं असं आहे की साधारण सहा महिन्यांपर्यंत पिल्लाच्या आतड्याला जादा कॅल्शियम अडवताच येत नाही, तुम्ही घालाल तेवढं बरंचसं अंगात जातं आणि हाडांची वाढ बिघडते. जायंट पिल्लाच्या फूडमध्ये कॅल्शियम मोजून घातलेलं असतं, त्यावर बाटली ओतली की त्या मोजण्याला अर्थच राहिला नाही. प्रोटीनला मात्र लोक उगाच घाबरतात, हाडांची वाट लावतात ते जादा कॅलरी आणि जादा कॅल्शियम, प्रोटीन नाही.

गंमत बघा, जतकडं लोक शिकारी जातीची कुत्री पाळतात, बरगड्या दिसल्या तरी कुणी काही बोलत नाही, उलट कसलं चपळ आहे म्हणतात. पण आमचा बंड्या सडपातळ दिसला की आमराईत फिरायला आलेला प्रत्येक जण विचारणार, खायला घालता का नाही ओ? बरगडी डोळ्याला ठळक दिसायला नको पण हात फिरवला की बोटाला लागायला पाहिजे, माझं माप एवढंच. बॅगेवर वय आणि मोठेपणीचं अंदाजे वजन असा तक्ता आहे, तो सुरुवातीला धरायचा आणि मग बरगडी बघून कमी-जास्त करायचं. दिवसाचं तीन वेळा विभागून देते, छाती खोल असलेल्या या कुत्र्यांच्या पोटाला पीळ पडायचा धोका असतो आणि तो जीवघेणा असतो, म्हणून एकदम पोतंभर खायला नाही आणि खाल्ल्यावर लगेच पळापळी पण नाही. फरशीवर गोणपाट टाकलेत, आमच्या गुळगुळीत टाइल्सवर हे एवढे लांब पाय चौफेर पसरतात.

अजून एक, कुणीतरी सांगितलं की असलं फूड खाऊन कुत्रं तापट होतं. काय पण. स्वभाव आई-बापाकडनं येतो आणि पहिल्या तीन-साडेतीन महिन्यांत त्यानं काय काय बघितलं त्यावर ठरतो. म्हणूनच लस पूर्ण होईपर्यंत बंड्याला कडेवर घेऊन फिरवलं, रिक्षाचा आवाज, शाळेतनं सुटलेली पोरं, भाजीवाली, सगळं दाखवलं (तेव्हा उचलता येत होता). डेन तसा मवाळ, माणसाच्या अंगावर रेलून उभा राहणारा. अडचण अशी की सहा महिन्यांत अंगानं लॅबला मागं टाकतो आणि डोकं मात्र पिल्लाचंच, ते दोन वर्षं तरी तसंच राहतं. लोकांना वाटतं मोठं कुत्रं अंगावर आलं, आणि ते बिचारं खेळायला आलेलं असतं. सासूबाईंच्या अंगावर उडी नको म्हणून बस म्हटलं की बसायचं हे लहानपणीच शिकवलं, ४० किलोचं झाल्यावर शिकवायला गेलात तर तेच तुम्हाला शिकवेल. या शिकवणीत याच फूडचे दाणे बक्षीस म्हणून वापरते आणि तेवढे रोजच्या मापातनं वजा करते, वेगळी बिस्किटं नाहीत.

दाणे मोठे आहेत, चावून खातो, गिळत नाही, हे बरं आहे. दुसऱ्या फूडवरनं यावर येणार असाल तर आठवडाभर थोडं थोडं मिसळत या, कुठलंही फूड एकदम बदललं की जुलाब होतात. पावसाळ्यात आपल्याकडच्या दमट हवेत दाणे मऊ पडतात, बॅगेसकट पत्र्याच्या डब्यात ठेवा, सुटं ओतू नका. आणि आठवा महिना जवळ आला की ज्युनिअर आधीच सांगून ठेवा, इथं सांगलीत विश्रामबागेत पपी लगेच मिळतं, ज्युनिअर बहुतेक वेळा मागवावंच लागतं.