रॉबिन विल्यम्स पाहुणा म्हणून येतो तेव्हा

रॉबिन विल्यम्स म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर ‘मिसेस डाउटफायर’ उभी राहते, नाहीतर ‘अलादीन’मधला जिनी कानात बोलायला लागतो. तोंडाला उसंत नसलेला, मिनिटाला चार आवाज बदलणारा माणूस. मलाही तो तसा आवडतोच. पण नट म्हणून तो काय ताकदीचा होता हे कोणाला बघायचं असेल तर मी त्याचे सिनेमे आधी सुचवत नाही. दुसऱ्यांच्या टीव्ही मालिकांत तो एखाद्या एपिसोडपुरता जाऊन आला, ते एपिसोड सुचवते. एवढा मोठा सिनेमावाला तिकडे कशाला गेला असेल, असं आधी वाटतं. बघितल्यावर कळतं की सिनेमात त्याच्या वाट्याला फार कमी आलेली गोष्ट तिथे त्याला मिळाली, ती म्हणजे गप्प राहण्याची मुभा.

मोठा स्टार मालिकेत आला की सहसा काय होतं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. दार उघडतं, प्रेक्षक ओरडतात, तो टाळ्या थांबेपर्यंत उभा राहतो, दोन विनोद करतो आणि निघून जातो. ‘फ्रेंड्स’मध्ये २००१ साली ब्रॅड पिट आला होता. शाळेत असताना रेचेलचा भयंकर राग करणारा विल. एपिसोड धमाल आहे, पिटने कामही झकास केलंय. पण रेचेलचं काम करणारी जेनिफर अ‍ॅनिस्टन तेव्हा त्याची खरीखुरी बायको होती, हे माहीत असेल तरच त्यातली निम्मी गंमत कळते. हसू मालिकेच्या बाहेरून येतं. हे वाईट नाही, पण ते नटाचं काम नव्हे.

आता ‘होमिसाइड: लाइफ ऑन द स्ट्रीट’ या बाल्टिमोरच्या खूनतपासी पोलिसांवरच्या मालिकेचा ‘बॉप गन’ हा एपिसोड घ्या. ६ जानेवारी १९९४ ला तो एनबीसी या अमेरिकन वाहिनीवर लागला. ‘मिसेस डाउटफायर’ थिएटरात येऊन जेमतेम दीड महिना झाला होता. अख्खी अमेरिका त्या म्हातारीच्या वेषातल्या बापाला हसत होती, आणि त्याच वेळी हा माणूस टीव्हीवर रॉबर्ट एलिसन म्हणून आला. आयोवाहून बायकोमुलांना घेऊन बाल्टिमोर बघायला आलेला एक साधा पर्यटक. रस्त्यात लुटालूट होते, गोळी सुटते आणि नवऱ्याच्या नि दोन मुलांच्या देखत बायको मरते. विल्यम्स या मालिकेत कसा आला याचं उत्तर बहुधा बॅरी लेव्हिन्सनमध्ये आहे. ‘गुड मॉर्निंग, व्हिएतनाम’चा दिग्दर्शक तोच, आणि ‘होमिसाइड’च्या निर्मात्यांमध्येही तोच होता. मालिकेचं कौतुक खूप व्हायचं, प्रेक्षक मात्र कमी होते. विल्यम्समुळे एका रात्रीत ते वाढले.

मी नर्स आहे, आणि या एपिसोडमधला एक प्रसंग माझ्या डोक्यातून जात नाही. एलिसन पोलीस ठाण्यात बसलाय. पलीकडे बो फेल्टन नावाचा डिटेक्टिव्ह आपल्या सहकाऱ्यांशी बोलतोय. ही केस गाजणार, म्हणजे ओव्हरटाइम भरपूर मिळणार, यावर त्याची थट्टामस्करी चाललीय. एलिसनच्या कानावर ते पडतं. त्याची बायको नुकतीच गेलीय आणि ज्यांनी तिचा मारेकरी शोधायचा ते पैशांचा हिशेब मांडून हसतायत. तो चिडून थेट त्यांचा वरिष्ठ जिआर्डेलोकडे जातो. याला माझ्या केसवरून काढा, म्हणतो. याफेट कोटोने केलेला जिआर्डेलो त्याला शांतपणे उत्तर देतो. सगळा रोख असा, की तुमच्याबरोबर रडणारा माणूस तुमच्या बायकोचा खुनी शोधू शकणार नाही.

ड्यूटी रूमच्या दाराच्या दोन्ही बाजू मी पाहिल्यात. आत आम्ही रजेचं बोलतो, नाइट कोणाची बदलून मिळेल ते विचारतो, डब्यातली भाजी वाटून घेतो, हसतोसुद्धा. दाराबाहेर कोणाचा तरी नवरा बाकावर बसलेला असतो. त्या हसण्याचा आणि त्याच्या पेशंटचा काही संबंध नसतो, पण ऐकणाऱ्याला ते कसं लागत असेल! हा प्रसंग लिहिणाऱ्यांनी कोणालाच खलनायक केलं नाही. फेल्टनही बरोबर, एलिसनही बरोबर. डेव्हिड मिल्स आणि डेव्हिड सायमन यांनी तो एपिसोड लिहिला. सायमन मूळचा बाल्टिमोरचा वार्ताहर, खुनाचा तपास करणाऱ्या पोलिसांबरोबर वर्षभर राहून त्याने पुस्तक लिहिलं होतं आणि मालिका त्याच्यावरूनच आली. पुढे ‘द वायर’ ही गाजलेली मालिका करणारा तो हाच. पोलीस ठाण्यातलं हसणं त्याने स्वतः ऐकलं असणार, एरवी असं लिहिता येत नाही.

आणि विल्यम्स? एवढ्या रागाच्या प्रसंगातही तो आवाज चढवून प्रेक्षकाला जिंकायला जात नाही. बायको गेली याचं दुःख एकीकडे, आणि त्या वेळी मी काहीच का केलं नाही ही बोच दुसरीकडे. ती बोच त्याला जास्त पोखरते. वॉर्डात बाई गेल्याची बातमी सांगितल्यावर नवरे फार कमी वेळा मोठ्याने रडतात. सही कुठे करायची ते विचारतात. तिच्या चपला कुठे आहेत ते विचारतात, आणि पिशवीत घालून दिल्या की ती पिशवी छातीशी धरून उभे राहतात. विल्यम्सने उभं राहण्याची ती तऱ्हा बरोब्बर पकडलीय. हातांचं काय करायचं हे न कळलेला माणूस. ज्याचे हात सिनेमात एक क्षण स्थिर नसतात, त्याने हे करावं याचं मला फार अप्रूप वाटतं. सोबत त्याच्या मुलाचं काम करणारा पोरगा जेक जिलनहाल आहे. एपिसोड त्याच्या वडिलांनी, स्टीव्हन जिलनहालनेच दिग्दर्शित केलाय.

एपिसोडच्या उत्तरार्धात मालिका एलिसनला बाजूला ठेवून पकडलेल्या पोरांकडे वळते. के हॉवर्ड ही डिटेक्टिव्ह (मेलिसा लिओ, काय सुंदर काम!) वॉन नावाच्या मुलाच्या मागे लागते, कारण यानेच गोळी झाडली हे तिच्या मनाला पटत नाही. काही जण म्हणतात की इथे एपिसोड सैल पडतो, विल्यम्स आणखी हवा होता. मला ते मान्य नाही. एवढा मोठा पाहुणा घरी आलाय म्हणून सगळं घर त्याच्याभोवती फिरवलं असतं तर तो साधा पर्यटक राहिलाच नसता. या एपिसोडसाठी विल्यम्सला टीव्हीच्या एमी पुरस्काराचं नामांकन मिळालं, पुरस्कार मिळाला नाही. माझी तक्रार असलीच तर कॅमेऱ्याबद्दल आहे. हातात धरून फिरवलेला कॅमेरा, मध्येच तुटणारी दृश्यं, ही या मालिकेची खूणच आहे. पण सवय नसेल तर पहिली दहा मिनिटं डोकं गरगरतं.

दुसरा मोठा एपिसोड ‘लॉ अँड ऑर्डर: स्पेशल व्हिक्टिम्स युनिट’ या, लैंगिक गुन्ह्यांचा तपास करणाऱ्या पोलिसांच्या मालिकेचा, २९ एप्रिल २००८ चा ‘ऑथॉरिटी’. मालिकेचा हा दोनशेवा एपिसोड. इथे तो मेरिट रूक नावाचा साउंड इंजिनियर आहे. पोलीस अधिकारी असल्याचं सांगून तो एका फास्ट फूडच्या दुकानात फोन करतो आणि तिथल्या मॅनेजरला स्वतःच्याच हाताखालच्या मुलीची अंगझडती घ्यायला लावतो. मॅनेजर नुसत्या फोनवरच्या आवाजावर विश्वास ठेवून सगळं करतो. असे फोन अमेरिकेत खरंच झाले होते. कथेत स्टॅन्ली मिलग्रॅमच्या प्रयोगाचा आधार घेतलाय. १९६० च्या दशकात येल विद्यापीठात झालेला तो प्रयोग: करड्या कोटातला माणूस ‘चालू ठेवा’ म्हणाला की साधी माणसं समोरच्याला विजेचे झटके देत राहतात. झटके खोटे असत, देणाऱ्यांना ते माहीत नसे.

इथे मला आमच्या पेशातला तसाच प्रयोग आठवतो. १९६६ साली चार्ल्स हॉफ्लिंग या मानसोपचारतज्ज्ञाने तो प्रसिद्ध केला. अनोळखी डॉक्टर वॉर्डात फोन करून नर्सला सांगे, अमुक पेशंटला अमुक औषध २० मिलिग्रॅम द्या. बाटलीवर स्पष्ट लिहिलेलं, जास्तीत जास्त १० मिलिग्रॅम. २२ पैकी २१ नर्स ते द्यायला निघाल्या, त्यांना दाराशी थांबवावं लागलं. औषध खोटं होतं. फोनवर ऑर्डर घेतली की ती परत वाचून दाखवायची, लिहून ठेवायची, डॉक्टरची सही घ्यायची, यासाठी मी नव्या मुलींच्या मागे का लागते ते या एपिसोडचा पहिला अर्धा तास बघितला की कळेल. एक अधिकारवाणीचा आवाज पुरतो. आणि आवाजाच्या बाबतीत विल्यम्सपेक्षा दुसरा कोण? ज्या गळ्याने जगाला हसवलं, त्याच गळ्याची धार इथे अंगावर येते. कोर्टात तो वकील न घेता स्वतःच स्वतःची बाजू मांडतो. चेहऱ्यावर तेच प्रेमळ हसू, जे त्याच्या सिनेमात बघून आपण विरघळतो. त्या हसूनेच ज्युरीला तो खिशात घालतो आणि सुटतो. मी असा भीतीदायक विल्यम्स टीव्हीवर दुसरीकडे पाहिला नाही.

उत्तरार्ध मात्र फसलाय. रूकच्या मागे जमणारी गर्दी, मग मालिकेची नायिका डिटेक्टिव्ह बेन्सनला पळवून नेणं, तिचा जोडीदार डिटेक्टिव्ह स्टेबलरसमोर तिला झटके दिल्याचं नाटक, शेवटी नदीत उडी. एका एपिसोडमध्ये हे सगळं कोंबलंय. बाळंतपणात डॉक्टरचं ऐकून बायको आणि बाळ गमावलेला माणूस, ही त्याच्या रागाची मुळातली गोष्ट. तिला हवा तेवढा वेळच दिला नाही. ती गोष्ट विल्यम्स सांगतो तेव्हा दोन क्षण तो पुन्हा ‘बॉप गन’मधला नवरा होतो, आणि लगेच मालिका त्याला पळायला लावते.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. ‘फ्रेंड्स’मध्ये तो १९९७ साली बिली क्रिस्टल या विनोदी नटाबरोबर कॉफीशॉपच्या सोफ्यावर येऊन टेकतो. मोनिकाला मित्रांना काहीतरी महत्त्वाचं सांगायचं असतं, हे दोन अनोळखी पुरुष शेजारी बसून बायकोच्या लफड्याबद्दल भांडतात आणि तिचं सांगणं राहूनच जातं. दोघांनी बरंचसं आयत्या वेळी रचलंय. समोरच्या सहाजणांचे चेहरे बघा, हसू दाबताना त्यांची तारांबळ उडालीय. ‘हूज लाइन इज इट एनीवे?’मध्ये २००० साली तो उत्स्फूर्त विनोद करणाऱ्यांच्या टोळीत एक रात्र सामील झाला. टोपीतून चिठ्ठी निघते, ‘आत्ता रॉबिन विल्यम्सच्या मनात काय चाललंय’, आणि तो पुढे होऊन म्हणतो की माझं चांगलं करिअर आहे, मी इथे काय करतोय! हे दोन्ही कधीही बघावेत. ताप आलेल्या माणसालासुद्धा उतार पडावा असे आहेत.

एक गोष्ट विसरता कामा नये. हा माणूस टीव्हीवर पाहुणा म्हणूनच जन्माला आला. २८ फेब्रुवारी १९७८ ला ‘हॅपी डेज’ या विनोदी मालिकेत तो ऑर्क नावाच्या काल्पनिक ग्रहावरचा मॉर्क होऊन आला, तेव्हा त्याला फारसं कोणी ओळखत नव्हतं. निवडीच्या वेळी त्याला बसायला सांगितलं तर तो खुर्चीत डोक्यावर उलटा बसला, आणि काम मिळालं. लोकांना मॉर्क इतका आवडला की त्याच वर्षी त्याच्यासाठी ‘मॉर्क अँड मिंडी’ ही स्वतंत्र मालिका निघाली. पुढे मोठा झाल्यावर तो टीव्हीवर परत परत येत राहिला याचं म्हणूनच मला फार नवल वाटत नाही. आज ‘हॅपी डेज’चा तो एपिसोड जुना वाटतो खरा, पण विल्यम्स पडद्यावर आला की बाकीचे सगळे संथ वाटायला लागतात.

‘लुई’मधला २०१२ चा एपिसोड सुचवताना मी थोडी अडखळते. मालिका लुई सी. के. या विनोदी कलाकाराची आहे, आणि २०१७ मध्ये अनेक स्त्रियांनी त्याच्यावर केलेले लैंगिक गैरवर्तनाचे आरोप खरे असल्याचं त्याने स्वतः मान्य केलं. ज्यांना त्याचं काहीच बघायचं नाही त्यांनी हा सोडून द्यावा. बघणाऱ्यांसाठी: एका क्लबमालकाच्या दफनाला फक्त दोघंच येतात, लुई आणि स्वतः रॉबिन विल्यम्स. नंतर दोघं खायला बसतात आणि कबूल करतात की तो माणूस आपल्याला मुळीच आवडायचा नाही. मग का आलो? कोणीच येणार नाही असं वाटलं म्हणून. विल्यम्स इथे अगदी खालच्या पट्टीत, थकलेल्या आवाजात बोलतो. ११ ऑगस्ट २०१४ ला तो गेला, त्यानंतर हे दृश्य बघणं मला जड जातं, तरी मी बघते.

सुरुवात कुठून करायची असं विचाराल तर ‘बॉप गन’पासून. आधीचे एपिसोड पाहिलेले नसले तरी काही अडत नाही, पोलिसांची ओळख आपोआप होते. सबटायटल्स नक्की लावा, ते डिटेक्टिव्ह एकमेकांच्या बोलण्यात बोलतात. ‘ऑथॉरिटी’ मुलांसमोर लावू नका, पहिल्याच प्रसंगात त्या मुलीचे हाल दाखवलेत. आणि दोन्ही एकाच रात्री बघू नका, मध्ये ‘फ्रेंड्स’च्या सोफ्यावरची ती दोन मिनिटं ठेवा.